सुती फ्रॉकचा उतार

सत्तरीच्या दशकातली गोष्ट, पण त्या फ्रॉकचा गुलाबी रंग अजून माझ्या डोळ्यांत खुपतो. मामा मुंबईहून आला आणि त्यानं माझ्या धाकट्या बहिणीसाठी नायलॉनचा फ्रॉक आणला. "आणि मोठीला रे?" आईनं विचारलं. "अगं, ती समजूतदार आहे," मामा म्हणाला. झालं, विषय संपला. माझ्या अंगावर शाळेच्या गणवेशाच्या उरलेल्या कापडाचा जाडाभरडा सुती फ्रॉक. मी आतल्या आत नुसती धुमसत होते.

खरी आग लागली नाशिकरोडच्या बागेत. तिथं सिमेंटची घसरगुंडी होती. बहीण वर बसली की सुळ्ळकन खाली. मी बसले की मध्येच अडकायचे, आणि मग ढुंगण पुढे सरकवत सरकवत उतरायचे. मागची पोरं ओरडायची, "ए, गाडी बंद पडली, धक्का मारा!" आणि खाली ही भवानी टाळ्या पिटत उभी. अस्सा जळफळाट व्हायचा! मला एकदा, फक्त एकदाच, तिच्यासारखं वरून थेट खालपर्यंत जायचं होतं.

एका रविवारी मी रडतच घरी आले आणि सगळं सांगितलं. बाबा एकलहऱ्याच्या पॉवरहाऊसमध्ये कोळशाच्या कामाला होते. "वेडाबाई, उतार कमी पडला की कोळसासुद्धा अडकतो," असं म्हणत त्यांनी जेवणाचा पाट ओढला. दोन सारख्या वाट्या घेतल्या. एकीला बहिणीच्या फ्रॉकचा पट्टा गुंडाळला, दुसरीला माझ्या फ्रॉकच्या कापडाची चिंधी. दोन्ही पाटावर ठेवून पाट एका बाजूनं हळूहळू उचलला. जरासा उचलला तोच नायलॉनची वाटी सुटली.

"मी पहिली!" बहीण किंचाळली. घ्या, इथंही तीच!

बाबांनी पाट आणखी उचलला, मग आणखी थोडा. तेव्हा कुठे माझी वाटी घसरली.

"बघ," बाबा खूश झाले. "सुती कापड धरून ठेवतं, त्याला उतार जास्त लागतो. तुझी काही चूक नाही."

"मग बागेतली घसरगुंडी माझ्यासाठी कोण उचलणार?"

स्टोव्हपाशी बसलेली आई म्हणाली, "जाऊ दे गं. तू समजूतदार आहेस ना?"

"नाहीये मी समजूतदार!" मी एवढ्यानं ओरडले की शेजारच्या काकू दारात आल्या. "मला पण नायलॉनचा फ्रॉक हवाय! गुलाबीच हवाय!"

बाबांच्या हातात पाट अजून तसाच तिरका होता.