शेवट माहीत असलेला निवेदक

एखाद्या कापड कारखान्याच्या दारातून लूमच्या तेलाचा वास आला की मला तो शुक्रवार आठवतो. आमची खोली धामणकर नाक्यामागे, कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. शुक्रवारी खालचे लूम बंद असत, म्हणून त्या एका दिवशी हळू बोललेलंही ऐकू येई. बायको बाहेरून एम.ए. करत होती. आजारपणातही खाटेवर उशीला टेकून ती जुन्या कादंबऱ्या वाचायची आणि त्यांतली माणसं, निवेदनाची तऱ्हा मला समजावून सांगायची. तिचा रिपोर्ट आदल्या दिवशी आला होता. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून खरं सांगितलं होतं, आणि साधी कावीळ आहे, उतरेल, असं म्हणून मी घरी वेळ मारून नेली होती. "हा निवेदक लबाड आहे हां," पानावर बोट ठेवून ती म्हणाली, "शेवट याला पहिल्यापासून माहीत आहे, पण मरणाची गोष्ट जवळ आली की हा हवापाण्याचं काढतो, जेवणाचं काढतो." मी म्हणालो, "पेज आणू का गं थोडी? आज ऊनही कमी आहे." ती हसली. "अहो, कालपासून तुम्ही अगदी याच्यासारखे बोलताय. किती दिवस म्हणाले डॉक्टर?" मी सांगितलं. पुस्तक मिटून ती म्हणाली, "मग अभ्यासक्रमातल्या उरलेल्या दोन कादंबऱ्या राहू द्या." त्या दोन्ही पुढे मी वाचल्या. दुसरी तिला फार आवडली असती.