दोघींनी सोडलेली मशेरी

मालवण तालुक्यात आचऱ्याच्या अलीकडे, सड्याच्या, म्हणजे उंच कातळपठाराच्या, पायथ्याशी एक वाडी आहे. तिथली अंगणवाडी सुभद्राबाई चालवतात. गाणी म्हणावीत तर त्यांनीच. रडत आलेलं पोर दहा मिनिटांत नाचायला लागतं.

मग कामासाठी सरकारी मोबाइल हातात आला. पोरांची वजनं, हजेरी, खाऊचे फोटो, ओळखीसाठी गरोदर बायकांचे चेहरे, सगळं ॲपवर चढवायचं. वाडीत इंटरनेटला रेंज नाही. मुलांना मदतनीस मथुराकडे सोपवून बाई सड्यावर चढायच्या आणि फोन वर धरून उभ्या राहायच्या. त्यात पर्यवेक्षिका मॅडमचा फोन यायचा, “माहिती का आली नाही?” एकदा सड्यावरून उतरून त्या मटकन ओट्यावर बसल्या, तेव्हा मथुराने आपली डबी पुढे केली. “जरा लाव गो बाय, बरा वाटतला.”

डबीत भाजलेल्या तंबाखूची पूड होती, मशेरी. हिरड्यांवर बोट फिरवलं आणि खरंच बरं वाटलं. आधी सकाळी एकदा, मग जेवणानंतर, मग फोन अडकला की प्रत्येक वेळी. वर्षभरात बाईंच्या कमरेला स्वतःची डबी आली.

पूजा परबला चौथा महिना होता. अंगात रक्त कमी, आणि तीही मशेरी लावणारी. बाई तिच्या घरी गेल्या आणि बाळाचं वजन कमी भरेल म्हणून समजावू लागल्या. पूजाने शांतपणे ऐकून घेतलं.

“बाई, तुमचा बोट बघा काळा झाला हा. तुमी लावतास आणि माका सोडूक सांगतास?”

बाईंना राग आला नाही. त्या बोटाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “खरा आसा तुझा. चल, दोघींय सोडूया.”

“माका जमाचा नाय.”

“माका तरी खंय जमता? बघूया तर.”

पहिला आठवडा वाईट गेला. डोकं ठणकायचं, पोट साफ होईना. तोंडात आमसूल धरून दोघी दिवस ढकलायच्या आणि संध्याकाळी पूजाच्या अंगणात बसून एकमेकींना हाल सांगायच्या. एका सकाळी फोन अडकला आणि सुभद्राबाई एका चिमुरडीवर इतक्या ओरडल्या, की अख्खी अंगणवाडी गप्प झाली. त्या दिवशी त्यांना कळलं की नुसती डबी टाकून भागणार नाही.

मालवणच्या मासिक बैठकीत त्या उठून उभ्या राहिल्या. पर्यवेक्षिका मॅडमना म्हणाल्या, “मुलं समोर असताना मी यापुढे फोन हातात घेणार नाही. माहिती दुपारी भरेन. उशीर झाला तर जाब मला विचारा.”

“उद्या सगळ्याच असं म्हणतील.”

“म्हणू देत, मॅडम. मी मशेरीला लागले ती या फोनपायी. इथे अर्ध्याजणींच्या कमरेला डबी आहे.”

कुणी हसलं, कुणी पदर सावरला. मॅडमनी पुढचा विषय घेतला. पण सकाळच्या वेळी त्यांचे फोन येणं हळूहळू थांबलं. बाईंना एकदा उशिराबद्दल नोटीस आली, तिला त्यांनी हेच उत्तर लिहून दिलं. पुढे काही झालं नाही. बैठकीनंतर शेजारच्या गावची अंगणवाडीसेविका सावित्री त्यांना एस.टी. स्टँडवर गाठून विचारत होती, “कशी सोडलंस गो?”

पूजाला मुलगी झाली, वजन चांगलं भरलं. बाळंतपणात माहेरी असताना तिच्या हातात पुन्हा डबी आली होती. परत आल्यावर तिनेच येऊन ते सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत. “माझोय एकदा गेलो होतो हात,” म्हणाल्या, आणि संध्याकाळचं बसणं पुन्हा सुरू झालं.

मथुरा अजून लावते, पण अंगणवाडीच्या कुंपणाबाहेर जाऊन. तिला बाईंनी उपदेश केलेला नाही. ती बाहेर असेपर्यंत बाई पोरांना एक जास्तीचं गाणं म्हणायला लावतात.