सुशीच्या शाळेची दोन वर्षं

माझी धाकटी बहीण सुशी आज पहाटे गेली.

तिच्या शाळेची दोन वर्षं मी खाल्ली होती. हे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

साठ सालाच्या आधीची गोष्ट. सहा वर्षांची सुशी पहिल्याच दिवशी शाळेतून पळून आली. बाबांनी मारलं नाही. म्हणाले, "रवांदे. मनात इला की शिकात."

मी तिच्याहून तीन वर्षांनी मोठी. मला रोज शाळा, पाढे, शुद्धलेखन, छडी. आणि ही बया खाडीत खेकडे पकडतेय! नुसता जळफळाट व्हायचा माझा.

सुशी नऊ वर्षांची झाली तेव्हा बाबा बोटीवर नोकरीला लागले. त्यांची पत्रं यायची. आयेला वाचता येत नव्हतं, वाचणारी मी एकटीच. काय तो तोरा!

एका पत्रात होतं, "सुशीस विचारा. शाळेत जायचे म्हणाली तर लगेच नाव घाला."

ती ओळ मी गाळली.

ती शाळेत गेली असती तर विहिरीचं पाणी, गोठा, सगळं निम्मं माझ्या गळ्यात आलं असतं. आणि घरात वाचणारी दुसरी झाली असती. स्वार्थ, दुसरं काय!

बाबांनी दोन वर्षांत तीनदा विचारलं. तिन्ही वेळा गाळलं. उत्तरही मीच लिहायचे, 'सुशी नको म्हणते.'

सुशी तोवर आपली आपण शिकत होती. कट्टा गावच्या बाजारातल्या पाट्या, सुकी मासळी बांधून आलेले पेपर. मध्येच विचारायची, "अक्का, ह्या अक्षर खयचा गे?"

मी सांगायचे. पुढचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

आमच्याकडे आलेली पत्रं तारेला टोचून ठेवायचे. चतुर्थीच्या साफसफाईत सुशीने ती तार खाली काढली. मी पाणी घेऊन आले तर ही ओटीवर बसून अक्षर-अक्षर लावतेय.

"सु-शी-स... वि-चा-रा..."

कळशी हिंदकळली माझी.

आतून आयेने विचारलं, "काय गो वाचतंस?"

सुशीने माझ्याकडे बघितलं. "काय नाय गे आये. धूळ झाडतंय."

मग हळूच मला म्हणाली, "अक्का, बाबा माका विचारीत होते."

एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी तिने स्वतः कार्ड लिहिलं. 'बाबा, मला शाळेत जायचे आहे.' माझं नाव त्यात कुठेच नव्हतं.

अकरा वर्षांची घोडी तिसरीतल्या पोरांत बसली. सगळे हसले. पण सातवी पास होऊनच उठली.

पुढे तिने गावात बालवाडी चालवली. कंटाळलेलं पोर उठून अंगणात गेलं तर अडवायची नाही. पण थोड्या वेळाने जाऊन विचारायचीच, "आता येतंस मा आत?" लोक म्हणायचे, सुशीबाई पोरांना फार मोकळं सोडतात. ते विचारणं कुठून आलं, ते मला माहीत होतं.

शेवटी शेवटी तिला दिसेनासं झालं. रोज सकाळी मी पेपर वाचून दाखवायचे.

"अक्का, सगळा वाच हां. गाळू नको." असं म्हणून खुदकन हसायची.

मीही हसायचे. मग मोरीत जाऊन तोंड धुऊन यायचे.

आज सगळं लिहिलंय गो सुशी. एकही ओळ गाळली नाही.

सावकाश जा, बाय.