वर एक लेन्स जास्त

गुणाजींचं तेरावं झालं आणि त्याच संध्याकाळी विठूकाकांनी वाटणीला हात घातला. अष्टमी गावातला फोटो स्टुडिओ गुणाजींनी उभा केला, पण ते अंथरुणाला खिळल्यापासून तो चालवत होती त्यांची लेक मालू. थोरला हिरामण कंपनीत शिफ्टवर. त्यानं कॅमेऱ्यात रोलसुद्धा कधी भरला नव्हता. तरी पेणहून आलेल्या काकांनी नवा पेंटॅक्स, लेन्ससकट, त्याच्याच पुढ्यात सरकवला. बापाची निशाणी मुलाकडं हवी म्हणे! मालूला जुना रशियन झेनिट, त्याची लेन्स, आणि लांबचं टिपणारी मोठी लेन्स.

"तुला वर एक जास्त दिली हाय गो. आता कुरकुर नको."

"काका, ही पेंटॅक्सची हाय. ती खाचेत घालून फिरवली की अडकते. झेनिटला आटे हायेत, बाटलीच्या झाकणासारखे. त्याच्यावर ही बसणार नाय."

"लेन्स ती लेन्स. जरा जोर लाव, बसंल."

मालूच्या अंगाचा तिळपापड झाला. पण घर पाहुण्यांनी भरलेलं, आई समोर बसलेली. ती गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्याचाच तिला पुढं जास्त राग येत गेला.

लग्नसराईत खांब गावी एका लग्नात नवरीचा चेहरा नीट यावा म्हणून तिला थेट अंतरपाटापाशी घुसावं लागलं. नवऱ्याचा मामा सगळ्यांदेखत खेकसला, "ए बाई, बोहल्यावर चढतेस काय?" लांबून टिपणारी लेन्स तेव्हा तिच्या कपाटात धूळ खात होती.

पावसाळ्याआधी काका हिरामणला घेऊन स्टुडिओत आले. त्यांनी टेबलावर एक पितळी रिंग ठेवली.

"मुंबईहून आणली. आता सगळं जुळंल."

मालूनं रिंग फिरवून पाहिली. आतून आटे, बाहेरून खाचा. म्हणजे आट्यांची लेन्स पेंटॅक्सवर चढणार. पेंटॅक्सची लेन्स झेनिटवर चढवायला ती कुचकामी.

"ही माझ्या काय कामाची?"

हिरामण चुळबुळला. "तुझी ती जुनी लेन्स लय झकास हाय म्हणतात. पोराच्या बारशापुरती दे."

"व्हय? म्हणजे माझं तुला चालतं, तुझं काय पण मला चालत नाय! आणि ह्याला वाटणी म्हणायची?"

"आवाज खाली," काका म्हणाले. "गिऱ्हाईक बसलंय."

"बसू दे! दादा, तू झेनिट घे, पेंटॅक्स मला दे. बारशाचे फोटो मीच काढते."

"बाबांची निशाणी देऊ?" हिरामणनं गळ्यात अडकवलेला पेंटॅक्स छातीशी धरला.

मालूनं रिंग उचलून काकांच्या हातात कोंबली आणि दोघांना दार दाखवलं. दुसऱ्या दिवशी मुंबई गाठून एका कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याकडं तिनं मोठी लेन्स दिली आणि तेवढ्याच ताकदीची आट्यांची घेतली. झेनिटवर ती अशी चपखल बसली की मालूला दुकानातच भरून आलं.

हिरामणला कळलं तेव्हा तो भर बाजारात ओरडला, "बाबांची लेन्स विकलीस!" बारशाला तिला बोलावणंच आलं नाही. फोटो पेणच्या एका माणसानं काढले, स्वतःच्या कॅमेऱ्यानं.

"जाऊ दे गो," आई म्हणाली, "काकांनी दोघांना सारखंच दिलं होतं."

मालू जेवणावरून उठली.