सात नंबरचा सांधा

श्री. मुरलीधर शेवाळे, म्हणजे आपणा सर्वांचे अण्णा, यांच्याशी माझी पहिली ओळख जळक्या वासात झाली. आयटीआय करून मी नाशिक रोडला त्यांच्या मोटारी भरण्याच्या, म्हणजे विजेच्या जळक्या मोटारींत नवी तार गुंडाळून देण्याच्या वर्कशॉपात कामाला लागले. पहिल्याच दिवशी सरावाच्या बोर्डावरचं बटण दाबून धरलं आणि कॉइल जाळून बसले. आता खरडपट्टी निघणार म्हणून मान खाली घातली. अण्णांनी दोनदा हुंगलं आणि म्हणाले, "वास ध्यानात ठेव. पुस्तकात सगळं असतं, वास नसतो. बटणाला टिचकी मारायची अन् हात काढायचा. धरून बसलं की जळतंच."

अण्णांच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाने त्यांना हात मागे बांधून उभे असलेले पाहिले आहे. शिकणाऱ्याचं काही चुकताना दिसलं की अण्णा पुढे येत नसत. उलट दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवत. एकदा एक शेतकरीदादा पाण्याची मोटार घेऊन आले आणि मला पाहून म्हणाले, "पोरीच्या हातात नका देऊ, अण्णा. माझं पाणी थांबलंय." अण्णा म्हणाले, "मोटार तीच भरणार. तुम्ही चहा घ्या." मी दोन वेळा तार उसवली, तिसऱ्यांदा जमलं. तोवर दादांचे तीन चहा झाले होते. अण्णा माझ्या मागे उभे होते आणि एक शब्द बोलले नव्हते. खरं सांगते, त्या वेळी मला त्यांचा भयंकर राग आला होता. आज एकलहरे रस्त्याला माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, ते त्या रागावरच उभं आहे.

वर्कशॉप मुलाकडे सोपवल्यावर अण्णांनी घराच्या मागच्या खोलीत रेल्वे सुरू केली. खेळण्यातली म्हणाल तर ते रागावतील. चारही भिंतींना लागून, दारातूनही आडवी जाणारी फळी, तिच्यावर रूळ, बोगदा, आणि दारासमोरच्या भिंतीला नांदगावचं स्टेशन. नांदगावच का, तर अण्णांचे वडील तिथे सांधेवाले होते. रूळ जिथे फुटतात, तिथे गाडीने कुठे वळायचं हे ठरवणारी सरकती पट्टी म्हणजे सांधा. अण्णांच्या रेल्वेत असे सात सांधे. सातवा नांदगावचा. सगळे हाताने, सायकलचे स्पोक ओढून बदलायचे, आणि त्यासाठी फळीखालून रांगत खोलीच्या मधे जायचं.

गेल्या वर्षी अण्णांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, "सांधा खराब झालाय." अण्णांनी विचारलं, "कितव्या नंबरचा?" अण्णांच्या पत्नी इंदूकाकू हा किस्सा येईल त्याला सांगतात आणि पदराने डोळे पुसून हसतात. पण खाली बसणं, रांगणं बंद झालं. गाडी नुसती गोल फिरू लागली, नांदगावला जाईना. एक दिवस अण्णांनी मला फोन करून सांगितलं, "रविवारी सुतार येतोय. फळी काढून टाकतो. खोलीत धान्याच्या कोठ्या ठेवता येतील." आवाज असा की मी हातातली मोटार तशीच टाकून निघाले.

"सांधे विजेवर घ्या," मी म्हणाले. "दाराशी खुर्ची, हाताशी सात बटणं."

"बापाने उन्हातान्हात हाताने सांधा बदलला, अन् मी खुर्चीत बसून बदलू?"

काकू आतून म्हणाल्या, "सासऱ्यांना खुर्ची कोणी दिली असती तर ते बसले नसते का हो?" यावर अण्णांनी हात टेकले. मग अट घातली: "रांगायचं काम तुझं. डोकं माझं. मधे बोलायचं नाय."

अण्णांनी प्रत्येक सांध्यासाठी स्वतः कॉइल भरल्या. वीज आधी कपॅसिटरमध्ये साठवायची आणि बटण दाबताच एका झटक्यात सोडायची, म्हणजे कॉइल जळत नाही आणि पट्टी सरकते. इथेही टिचकीच. शनिवारी दुपारी सहा सांधे खटाखट वळले. सातवा अर्ध्यावर जाऊन अडकला.

कारण मला ठाऊक होतं. तार अण्णांनी कापून दिली होती, मी फक्त ओढली होती. सगळ्यात लांबचा सांधा, आणि त्यालाच केसासारखी बारीक तार! तुकडादेखील न टाकणाऱ्या अण्णांनी डब्यातली उरलेली तार वापरली होती. इतक्या लांब जाईपर्यंत झटक्यातला दम संपत होता. शब्द जिभेवर आला होता. उद्या सुतार येणार होता. पण मी खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि दोन्ही हात मागे बांधले.

अण्णांनी मला पट्टीला तेल लावायला सांगितलं. कपॅसिटर बदलला. स्प्रिंग सैल करून घेतली. दोन तास गेले. मग म्हणाले, "जाऊ दे. काढू फळी." मी ओठ चावला, पण हात सोडले नाहीत. ते उठायला लागले, आधारासाठी बटणांच्या बोर्डाची कड धरली आणि त्यांची बोटं तारांवरून गेली. थांबले. पुन्हा फिरवली.

"हात्तिच्या! ही काय तार हाय का शेवयी?"

मी हसले, तसे त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुला कळलं होतं."

"हो."

"मग बोलली का नाय?"

मी नुसती पाठ वळवून मागे बांधलेले हात दाखवले. अण्णांनी चष्मा काढून पुसला. मग नाक ओढून म्हणाले, "माझे सांधे गेले, तुझे वापर. जा खालून, जाड तार ओढ."

बटणाला टिचकी बसली, सातवा सांधा खट्कन वळला आणि गाडी नांदगावला जाऊन थांबली. अण्णांनी खुर्चीत बसल्याबसल्या खिशातला हिरवा रुमाल काढून हलवला. मी रडले, यात लाजण्यासारखं काही नाही. रविवारी सुतार आले, त्यांच्याकडून अण्णांनी खुर्चीच्या हातावर बटणांची पाटी बसवून घेतली.

अण्णा, आज आपल्याला पंच्याहत्तर पूर्ण होत आहेत. जास्त लिहिलं तर "बटण धरून बसू नको" म्हणाल, म्हणून आवरते. आपल्या गुडघ्यांना आराम पडो, आपली गाडी शंभरीच्या पुढच्या स्टेशनांतही वेळेवर पोचो. वाटेत एखादा सांधा अडलाच तर काळजी करू नका. आपण शिकवलेले आम्ही सगळे आपल्या मागे उभे आहोत, हात मागे बांधून.