इनासचा पासपोर्ट

इनास गेल्याचा फोन आला तेव्हा मी बांगडे साफ करत होते. हात धुतले. रडले नाही. तो माझा धाकटा दीर. चाळीस वर्षं बहरीनमध्ये हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये काढली आणि भांडायला कायम तयार.

दर शुक्रवारी तो बहरीनमधल्या झिंज भागातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर वसईच्या पोरांची शाळा भरवायचा. पोरं इथेच जन्मलेली. "आपला आमदार कोण?" माझी नात रिया म्हणायची, "व्हॉट्स द पॉइंट, आजोबा? वी डोन्ट ईव्हन लिव्ह देअर." "पासपोर्ट कुठला आहे तुझा? मग मतही तिथलंच." तिचा मतदाराचा फॉर्म त्यानेच भरून घेतला. एक गोष्ट तो दरवेळी घोकून घ्यायचा... आपल्यासारख्या परदेशी राहणाऱ्यांना मतदान केंद्रावर स्वतः जावं लागतं आणि पासपोर्ट दाखवावा लागतो, झेरॉक्स नाही, दुसरं काही नाही.

गेल्या निवडणुकीला इनास, रिया आणि मी वसईला गेलो. केंद्रावरच्या बाईंनी ओळखपत्र मागितलं आणि इनासने ऐटीत बहरीनचं रेसिडेंट कार्ड पुढे केलं! इथे बँकेत, दवाखान्यात तेच दाखवायची सवय. पासपोर्ट कुठे? हरवू नये म्हणून अंधेरीला त्याच्या मुलीच्या कपाटात, कुलपात. पाच वाजून गेलेले, सहाला मतदान बंद. "खलास," तो म्हणाला.

मला वाटलं, आता रियाही वैतागून मागे फिरेल. तिने पर्समधून पासपोर्ट काढला. "आजोबा, यू फेल्ड युअर ओन क्लास," म्हणाली आणि आत गेली. बाहेर आली ती बोट वर करून. इनासने शाई निरखून पाहिली. "वहिनी, एक तरी पास झाली."

बहरीनला परतल्यावर त्याने आपल्या खोलीच्या दाराशी खिळा ठोकला आणि पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून टांगला. पुढच्या खेपेला विसरायचा नाही म्हणून... ती खेप त्याला मिळाली नाही. आता तो पासपोर्ट वकिलातीतून रद्द होऊन, कोपरा कापून परत आलाय.

परवा रियाने त्याची खोली आवरली. पिशवी घेऊन आली, आपल्या दाराशी टांगली, आत स्वतःचा पासपोर्ट ठेवला. मग मला विचारलं, "आजी, तुझं नाव आहे का मतदार यादीत?"

नव्हतं. इतकी वर्षं त्या टेबलाला मी चहा पुरवला, पण मला कुणी विचारलंच नाही, आणि मीही बोलले नाही.

मी चौथी शिकलेली. फॉर्म तिने वाचून दाखवला, सही मी केली. पिशवीत आता दोन पासपोर्ट आहेत, तिचा आणि माझा.