स्पिरिट आणि चौदा वँडल नाणी

"माझी पिल्लं नीट पोचली का?"

आमच्याकडे नाणी विकायला पाठवणारे मेनेर फिसर, म्हणजे डचमध्ये श्रीयुत फिसर, फोनच्या स्पीकरवर माझ्या बॉसला, हेंकला विचारत होते. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्पिरिटचा बोळा धरून उभी होते. समोरच्या कागदी पाकिटांवरची निळी शाई नुकतीच पसरली होती.

"सुखरूप," हेंक म्हणाला.

द हेगमधल्या एका छोट्या लिलाव कंपनीत मी नाण्यांचं कॅटलॉगिंग करते. पिल्लं म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीची ब्राँझची चिल्लर. वँडल लोकांनी रोमनांकडून उत्तर आफ्रिका घेतली, त्या काळातली. शर्टाच्या बटणाएवढी, आणि इतकी झिजलेली की चित्र दिसायला भिंग लागतं आणि थोडी श्रद्धाही.

अशा नाण्याची ओळख त्याच्या पाकिटावर असते. म्हणून एका वेळी एकच पाकीट उघडायचं, हा आमचा नियम. पण कोविडमुळे आलेली प्रत्येक वस्तू पुसायचीही होती. घाईत मी चौदाही पाकिटं एकदम रिकामी केली, नाणी एका ट्रेमध्ये ठेवली आणि पाकिटं पुसली. शाईतलं वर्णन गेलं. वजन आणि नाणं कुठून आलं ते मेनेर पेन्सिलनं लिहायचे, तेवढं राहिलं.

दोन दिवस एकेक नाणं काट्यावर ठेवून मी वजनं जुळवली. बारा नाणी आपापल्या पाकिटात गेली. उरलेल्या दोन नाण्यांचं वजन शेवटच्या आकड्यापर्यंत सारखं. दोन्ही गुळगुळीत. एका पाकिटावर होतं, 'उट्रेख्ट, नाणेबाजार'. दुसऱ्यावर, 'आन्नाकडून. पहिलं.' आन्ना म्हणजे त्यांची बायको, आदल्या वर्षी गेलेली. ते नाणं विकायचं नव्हतं. फोटो काढून परत पाठवायचं होतं.

मी हेंकला सांगितलं. तो चिडला नाही. त्यानं चष्मा काढून डोळे चोळले.

"कुठलंही एक पाठव. त्यांना कळणार नाही."

"आणि कळलं तर?"

"मग तूच सांग. पाच वाजता व्हिडिओ कॉल आहे."

मी मीटिंगमध्ये चॅटवर लिहिणारी. माइक सहसा बंदच.

यातून एवढं शिकले की पाकिटावर पेन्सिलनंच लिहावं, आणि त्या वर्षी आमच्या ऑफिसात विषाणूपेक्षा माझ्या स्वच्छतेनं जास्त नुकसान केलं.

पाच वाजता मेनेर टाय लावून स्क्रीनवर आले. "चला, दाखवा पिल्लं."

मी म्यूट काढलं.

"मेनेर, तुमच्या पाकिटांवरची शाई माझ्याकडून पुसली गेली. आन्नांचं नाणं या दोन्हींपैकी कुठलं, ते मला सांगता येत नाही. मी दोन्ही तुमच्याकडे पाठवते."